चौबगला

चित्रातली बाई नऊ डोकी उंच होती.
कॉलेजात असंच शिकवलं होतं मला:
मान लांब, कमरेला बाक,
हातांचं काय करावं कळेना
म्हणून दोन्ही खिशात.
खाली लिहिलं, द्राक्षबागेतल्या बायांसाठी जाकीट,
कापड सुती, रंग निळा,
आणि जलरंगाचा एक ओघळ
मुद्दाम सोडलेला.

सातपूरच्या गाळ्यात मजीद मास्तरांनी
चष्मा कपाळावर सरकवून कागद पाहिला.
शेजारी फोर्जिंगचा हातोडा पडत होता,
धप्प, मग बराच वेळ काही नाही, मग धप्प.
"ही बाई बागेत करते काय?"
विरळणी, म्हटलं. मांडवाखाली उभी राहून.
"मग हात खिशात कसे?"

त्यांनी खाकी कागद अंथरला.
छाती भागिले चार, अधिक दीड सैल,
मुंढा, खांदा, गळ्याची उतरण,
पाढे म्हणावेत तसं पुटपुटत.
माझ्या निळ्या ओघळाला तिथे माप नव्हतं.
जिथे मी डौलात एक रेघ ओढली होती
तिथे बोट ठेवून विचारलं,
ही शिवण, की चुणी, की नुसती सावली?
सावली, मी म्हटलं.
बहुतेक.

पहिला नमुना मांजरपाटाचा,
पिवळट, खळीच्या वासाचा,
टाके लांब,
उसवायचे आहेत हे ठरवूनच घातलेले.

सिंधू गांगुर्डे मोहाडीहून बसनं आल्या,
अर्ध्या दिवसाची हजेरी आम्ही देणार होतो.
साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट,
तो काढून, घडी घालून, खुर्चीवर ठेवला.
"हात वर करा," मास्तर म्हणाले.
त्यांनी ट्यूबलाइटकडे हात नेले
आणि बोटं आपोआप चालायला लागली,
जणू तिथे घड लोंबत होते.
जाकीट कमरेवरून वर, आणखी वर,
पार बरगड्यांपर्यंत.
"शर्टाचंबी हेच होतं," त्या म्हणाल्या,
"दिवसातनं शंभरदा खाली वढायचा.
तुमचं जरा जास्तीच होतंय."

मी म्हटलं, मुंढा खोल करा.
केला. जास्तच चढलं.
मी म्हटलं, बाही रुंद करा.
"तारंत अडकंल," सिंधूताई म्हणाल्या.
दुसरा नमुना. तिसरा.
कापड धुऊन गच्चीवर वाळत घातलं,
मीटरमागे तीन सेंटिमीटर आटलं,
सगळी मापं पुन्हा.
चार रुपयांचं बटण दोनवर आलं.
कात्रीचा खिसा उजवीकडून डावीकडे गेला
कारण सिंधूताई डावखुऱ्या,
मग दोन्हीकडे झाला
कारण त्यांची जाऊ नाही.

चौथ्या खेपेला मास्तर काहीच बोलले नाहीत.
खाली वाकून चिंध्यांतून
चार बोटांचा एक चौकोन उचलला,
बगलेतली शिवण उसवली,
तिरका धरून तिथे बसवला.
"चौबगला," म्हणाले. "पैरणीला असतो.
शिकवला नाही?"
नव्हता शिकवला.

सिंधूताईंनी हात वर केले.
खालचा काठ होता तिथेच राहिला.
त्यांनी हात खाली घेतले, पुन्हा वर,
मग पुन्हा, उगीच.
"हां," म्हणाल्या.
शेजारचा हातोडा तेव्हा का थांबला होता
कोण जाणे, जेवणाची सुट्टी असेल.

पाच मापं निघाली, तीनशे वीस नग,
टेम्पोला मी चढवले, मास्तरांनी मोजले.
हल्ली चित्र काढताना
हात आधी काढते, वर केलेले,
डोकी नंतर मोजते.
साडेसहा भरतात.

शर्ट खुर्चीवरच राहिला होता.
छाटणीच्या आधी सिंधूताई न्यायला आल्या.
म्हटलं, आता कशाला?
"औषध मारायच्या दिवशी," त्या म्हणाल्या,
"नवं खराब होतं."